आक्काबाईंना तीसपैकी नऊ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आप्पासाहेब, पुण्याहून मुद्दाम आलेले डॉक्टर वैजापूरकर, व्यासपीठावरचे ज्यांची नावं घेतली गेली आणि ज्यांची घ्यायची राहिली असे सर्व मान्यवर, आरोग्य खात्यातल्या भगिनी, वस्त्यावाड्यांवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलेली मंडळी, आणि मागे दाराशी उभं राहून जेवणाच्या पंगतीचा अंदाज घेणारे माझे पत्रकार मित्र,

शालन ओव्हाळ, म्हणजे आपल्या शालनताई, छत्तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आधी पायी, मग सायकलवर आणि शेवटी मोपेडवर पालथे घालून आज निवृत्त होत आहेत. माझ्याआधी सात वक्ते झाले. सातही जणांनी ताई हसतमुख आहेत असं सांगितलं. मी ताईंना बावीस वर्षं ओळखतो. त्या हसल्या असं मला दोनदाच आठवतं, आणि दोन्ही वेळा त्या मलाच हसत होत्या.

अध्यक्षांनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, 'दोन शब्दांत आवरावे.' आप्पासाहेब, आपण चाळीस वर्षं मुख्याध्यापक होतात, आपला आदेश शिरसावंद्य आहे. पण मी वार्ताहर आहे. शब्दांवर पोट असलेल्या माणसाला दोन शब्द कसे परवडतील? तेव्हा एकच हकिकत सांगतो. ती सांगताना माझ्याकडून एक कबुलीही व्हायची आहे.

शहाण्णव सालचा मे महिना. डॉक्टर वैजापूरकर आपल्या भागात एक सर्वेक्षण घेऊन आले. म्हातारपणी काही माणसांची आठवण जाते, वाट चुकते, पोटची पोरं ओळखू येईनाशी होतात. हा आजार आहे. आपल्याकडे त्याला म्हातारचळ म्हणतात आणि विषय संपवतात. डॉक्टरांना तो संपवायचा नव्हता. खेड्यापाड्यांत असे रुग्ण किती, हे त्यांना मोजायचं होतं. हेतू इतका चांगला होता की त्यात काही चुकेल असं कुणाला वाटलंच नाही.

मोजायचं कशानं? तर परीक्षेनं. तीस गुणांची परीक्षा, परदेशात तयार झालेली. चोवीसच्या खाली जो गेला, तो संशयित. परीक्षा इंग्रजीत होती आणि आपले म्हातारे मराठीत, एवढीच काय ती अडचण. डॉक्टरांनी बारामतीत चौकशी केली, उत्तम मराठी कुणाचं? कुणीतरी सांगितलं, त्या वार्ताहराचं, त्याचं संस्कृत पाठशाळेत झालंय.

भाषांतर मी केलं. गुन्हा कबूल करायला याहून मोठी सभा मला पुन्हा मिळणार नाही.

मूळ परीक्षेत एक साधी सूचना होती. हा कागद उजव्या हातात घ्या, मधोमध दुमडा, जमिनीवर ठेवा. मी लिहिलं, 'दक्षिण हस्ताने कागद ग्रहण करावा, त्याचे समद्विभाजन करावे व तो भूमीवर स्थापन करावा.' डॉक्टरांनी वाचलं, मान डोलावली, म्हणाले, "वा, एकदम प्रमाण वाटतंय." त्यांना त्यातलं किती कळलं होतं हे मी तेव्हा विचारलं नाही, आज विचारत नाही.

परीक्षा घ्यायचं काम ताईंकडे आलं, कारण घरोघर कुत्रं न भुंकता जाऊ शकेल अशी सरकारी व्यक्ती म्हणजे त्याच. ताईंनी माझं भाषांतर उभ्याउभ्या वाचलं आणि विचारलं, "भाऊ, हे म्हणायचंय कुणाला? पूजेला बसलेल्या जोडप्याला?"

हे त्यांचं पहिलं हसणं.

परीक्षा सुरू झाली ती सुप्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर, लिंबाच्या झाडाखाली. पहिल्या दिवशी डॉक्टर आणि मी दोघंही हजर होतो. समोर झुंबरआबा, वय ऐंशीच्या पुढंमागं. प्रश्न होता, आपण कोणत्या मजल्यावर आहोत? आबांनी वर लिंबाकडे पाहिलं, खाली मातीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सगळ्यात खालच्या. ह्याच्या खाली निसती हीर." ताईंनी एक गुण दिला. डॉक्टरांनी तो खोडला, कारण उत्तरपत्रिकेत 'तळमजला' असं होतं.

मग आबांना चित्र दाखवलं. एकमेकांत घुसलेले दोन पंचकोन. हे असंच काढा. आबांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "बांधावरनं भांडण दिसतंय," म्हणाले, "ह्या कोपऱ्यात मोजणीवाल्यानं खाल्लंय. मी न्हाय ह्यात पडायचा." शून्य.

देशाचे पंतप्रधान कोण, हाही प्रश्न होता. आपल्याला आठवत असेल, त्या मे-जूनमध्ये या प्रश्नाची उत्तरपत्रिका दोनदा बदलावी लागली. पण जुनं उत्तर देणाऱ्याचा गुण कापला जात होता. स्थैर्य दिल्लीत नव्हतं, आणि स्मृतिभ्रंश सुप्यात मोजला जात होता.

कागदाची तऱ्हा आणखी वेगळी. सरकारी बाईनं कागद पुढं केला की आपल्या वस्त्यांवर काय करतात? कुणी दुमडत नाही. आधी कपाळाला लावतात, मग विचारतात, "अंगठा कुठं करू?" तिथं शून्य. कोणता ऋतू? "चारा सपायचं दिस." शून्य, कारण मी 'ग्रीष्म' लिहून ठेवला होता.

आणि आपल्या लोकांसाठी म्हणून डॉक्टरांनी एक सोपा प्रश्न स्वतःहून घातला होता, बायकांना बरं वाटावं म्हणून. नवऱ्याचं नाव सांगा. एकोणीस म्हाताऱ्या तपासल्या. एकोणीस जणींनी मान खाली घातली. एकीनं पदर तोंडात धरला, एकीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, "तू सांग माझ्या मालकाचं." तक्त्यात नोंद झाली, 'पतीचे विस्मरण, एकोणीसपैकी एकोणीस.' एकूण गुणांतही एकोणीसजणी चोवीसच्या खाली. आता या सभागृहात ज्या भगिनी आहेत त्यांना मी विचारतो, त्या माणसानं पन्नास वर्षं स्वतःला विसरू दिलं असतं का?

डॉक्टर हसतायत. त्यांचा हा मोठेपणा आहे. तेव्हा मात्र आम्ही दोघंही गंभीर होतो.

आता येते आक्काबाई. तिच्याकडे सव्वीस मेंढरं. पूर्वी मोठा कळप होता, मग जमीन आली, ऊस आला, पोरगा एमआयडीसीत लागला. पण एवढी सव्वीस तिनं सोडली नाहीत. मुलगा दादासो. दादासो वाईट माणूस नाही, आणि तो आज समोर बसलाय म्हणून मी हे म्हणत नाही. पाळ्या करून मोटरसायकलवर वस्तीवर यायचं, आई शिवारात एकटी, जीव टांगणीला. बारामतीत त्यानं खोली घेतली होती. आईनं तिथं यावं, मेंढरं विकावीत, असं तो दोन वर्षं म्हणत होता आणि आई दोन वर्षं ऐकू येत नाही असं दाखवत होती.

परीक्षेत शंभरातून सात-सात वजा करत जायचं असतं. डॉक्टर म्हणाले, हा आकडेमोडीचा प्रश्न रुक्ष आहे, इथल्या माणसाला कळेल असा करू. आणि मोठ्या आपुलकीनं त्यांनी विचारलं, "आजी, समजा तुमच्याकडं शंभर मेंढरं आहेत. त्यातली सात विकली. किती राहिली?"

"का इकली?"

"समजा विकली."

"आजारी व्हती?"

"नाही, चांगली होती."

"मग का इकायची?"

"आजी, फक्त आकडा सांगायचा. किती राहिली?"

मेंढरं अशी तोंडानं मोजायची नसतात, दृष्ट लागते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आक्काबाईनं डॉक्टरांकडे पाहिलं, मग दादासोकडे पाहिलं. "दादा, ह्यास्नी तू सांगून आणलंस व्हय?" एवढं बोलून ती उठली आणि मेंढरांकडे निघून गेली. शेऱ्याच्या रकान्यात आलं, 'चिडचिड, संशयी वृत्ती.' एकूण गुण तीसपैकी नऊ. खाली टंकलिखित सल्ला, 'एकटे ठेवू नये.' माझ्याच शुद्धलेखनात.

तो कागद दादासोच्या हाती पडला. दोन वर्षं जे तो आईला पटवू शकला नाही ते शिक्क्यासकट लिहून मिळालं. त्यानं व्यापाऱ्याला निरोप दिला. आठव्या दिवशी टेम्पो येणार होता.

ताई त्या आठवड्यात वस्तीवर गेल्या तेव्हा आक्काबाईनं त्यांना बांधावर गाठलं. हे मला ताईंनी सांगितलंय, शब्द तिचेच आहेत. "बाई, माझं काय चुकलं त्येवढं सांगा. दादा म्हंतो तू नापास झालीस. मेंढरं गेल्यावर मी त्या खोलीत बसून काय करू? भिंतीकडं बघू?"

ताई तिथून थेट माझ्या घरी आल्या. प्रश्नपत्रिकेचा गठ्ठा माझ्यापुढं टाकला आणि म्हणाल्या, "बसा भाऊ. पुन्हा लिहायचंय."

मी म्हटलं, "ताई, ही जगन्मान्य परीक्षा आहे."

"असंल. मी परीक्षा घेणाऱ्यांनी ठरवलेले नापास लई बघितल्यात."

इथं एक आठवण सांगायला हवी. बासष्ट साली ताई नोकरीवर रुजू झाल्या, तेव्हा आपल्याच गावांतल्या काही घरांनी त्यांना ओसरीच्या खाली उभं करून काम सांगितलं. बाळं मात्र ओसरीचा निर्णय होईपर्यंत थांबत नाहीत. मग मध्यरात्र असो की भर दुपार, आतल्या खोलीपर्यंत वाट मोकळी व्हायची. त्या घरांतली काही बाळं आज या व्यासपीठावर हार घेऊन बसली आहेत. ताईंनी कधी कुणाचं नाव घेतलं नाही, मीही घेत नाही. बाळांनी निर्धास्त असावं.

तीन दुपारी आम्ही बसलो. मी लिहायचं, ताईंनी खोडायचं. लक्षात ठेवायच्या तीन वस्तू मी सफरचंद, मेज, नाणे अशा लिहिल्या होत्या. ताईंनी केल्या घोंगडी, विळा, तवा. कागदाच्या जागी टॉवेल आला. मधोमध घडी घाला आणि सुपात ठेवा. पंचकोनाच्या जागी काडेपेटीच्या काड्या आल्या. वजाबाकीला भाकरी घेतल्या. वीस भाकरी, प्रत्येक पाहुण्याला तीन. भाकरी वाढायला कुणाची हरकत नसते आणि त्यांना दृष्टही लागत नाही. नवऱ्याचं नाव गेलं, आईचं माहेर आलं. तिथं प्रत्येक म्हातारी गावाबरोबर तिथल्या आंब्याच्या झाडाचंही वर्णन देते, आणि ते थांबवायचं नाही अशी ताईंची सूचना होती.

काम संपल्यावर ताई म्हणाल्या, "आधी तुम्ही द्या."

मी दिली. तीसपैकी बावीस. शक, संवत्सर, अयन, मास, तिथी, सगळं बिनचूक सांगितलं. सुप्याचा बाजार कोणत्या वारी ते आलं नाही. पाच पाहुण्यांना वाढल्यावर परातीत किती भाकरी उरल्या, तिथं चुकलो. आणि सूप म्हणून मी तांदूळ धुवायची रोवळी उचलली. नियमाप्रमाणे मी संशयित. हे ताईंचं दुसरं हसणं. ते बराच वेळ चाललं.

डॉक्टर वैजापूरकरांचं मी मनापासून कौतुक करतो. त्यांनी नवी परीक्षा वाचली, माझा निकाल ऐकला आणि फेरतपासणीला होकार दिला. अट एकच घातली. जो निकाल येईल तो लिहायचा. ताई म्हणाल्या, "त्यासाठीच तर चाललोय."

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा वस्तीवर. एकोणीस म्हाताऱ्यांपैकी अठराजणी चोवीसच्या वर गेल्या. काहींनी तर डॉक्टरांना उलट प्रश्न विचारले. शेवटी आक्काबाई. ताईंनी तिला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, तिचा निकाल डोळे भरून बघायला.

सुरुवात अशी झाली की मी मनात मथळा लिहायला घेतला. टॉवेलाची घडी, सूप, काड्या, भाकरी, सगळं चोख. भाकरीच्या हिशेबात तर ती डॉक्टरांच्या पुढं गेली. ताईंनी परीक्षेबाहेरची एक गोष्टही केली होती. दादासोला सांगून एक मेंढी गोठ्यामागं बांधून ठेवली होती. आक्काबाईनं कळपावरून एकदा नजर फिरवली, मोजलं नाही, आणि म्हणाली, "भुरी कुठाय?"

मग ताईंनी विचारलं, "आक्का, मघाशी मी तीन वस्तू सांगितल्या होत्या. कोणत्या?"

"कसल्या वस्तू?"

"घोंगडी, विळा, तवा. आता ध्यानात ठेवा. थोड्या वेळानं इचारते."

थोड्या वेळानं विचारलं. आक्काबाई म्हणाली, "तुमी मला कवा सांगितलं?" परवाचा बाजार तिला आठवेना, आणि बाजारातून आणलेली मिरची समोर वाळत होती. ताईंनी पुन्हा तीन वस्तू सांगितल्या. आक्काबाई आत गेली, चहा घेऊन आली. आम्ही प्यालो. कपबशा आत ठेवून ती बाहेर आली, आम्हाला पाहून तिचा चेहरा उजळला. "या की. कवा आलायसा? बसा, च्या टाकते."

त्या दुपारी आम्ही तीनदा चहा प्यालो. तिसऱ्यांदा कुणी कुणाकडं बघितलं नाही.

पेन्सिल ताईंच्या हातात होती. आणखी तीन गुण पडले की चोवीस होत होते, आणि लिंबाखाली कोण बघत होतं? मी बघत होतो, आणि हे माझ्या कबुलीचं दुसरं कलम, मी डॉक्टरांच्या पाठीमागून तीन बोटं दाखवून ताईंना खुणावलंही. ताईंनी माझ्याकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भाऊ, मी खोटं पास करीन. हिरीच्या काठावर तिला कोण धरंल? तुमी?"

त्यांनी एकवीस लिहिलं.

डॉक्टरांना हायसं वाटलं. म्हणाले, "म्हणजे आमचं आधीचं निदान बरोबरच होतं."

"साहेब," ताई म्हणाल्या, "तुमच्या परीक्षेनं एकोणीसजणी खुळ्या ठरवल्या. त्यातली एक आजारी निघाली. ह्याला निदान म्हणायचं असंल तर म्हणा."

आक्काबाई समोर बसून मिरच्या निवडत होती. एवढं सगळं कुणाबद्दल चाललंय असं तिनं विचारलं नाही. दादासो मात्र उभा होता. त्याच्याच बाजूनं निकाल लागला होता, आणि जिंकलेल्या माणसाचं तोंड इतकं उतरलेलं मी पाहिलं नाही.

"मग उंद्या टेम्पो येऊ दे का, बाई?"

ताई त्याच्या शेजारी बाजेवर बसल्या. "दादासो, तिला काय काय येतं ते बघितलंस न्हवं? घडी येती, भाकरी येती, मेंढरं येत्यात. जे आत्ता घडलं त्येवढंच जातंय. तुझ्या खोलीत समदंच आत्ताचं हाय. तितं नेलीस तर तिला कायच येणार न्हाय."

"पर एकटी कशी ठेवू? तुमीच लिवलंय, आजार हाय म्हणून."

"एकटी नगंच ठेवू. शेजारच्या फुलाबाईची धा मेंढरं हायत. ती ह्यात मिसळू दे, फुलाबाई संगं हिंडंल. चूल तिच्याकडं दे. हिरीला कठडा घाल. मी दर बेस्तरवारी येऊन बघून जाईन."

"आन इकायची कवा?"

ताईंनी मिरच्या निवडणाऱ्या आक्काबाईकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "ज्या दिवशी तुझी आई तुला इचारंल, ही मेंढरं कुणाची, त्या दिवशी टेम्पो बोलव. मला इचारू बी नगं. पर त्याच्या आधी न्हाय. शब्द दे."

दादासोनं शब्द दिला आणि टेम्पो नको म्हणून व्यापाऱ्याला निरोप धाडला.

माझ्या मते, मंडळी, परीक्षा ही होती. एक प्रश्न, आणि तोही परीक्षा देणाऱ्यानंच विचारायचा. डॉक्टरांच्या छापील अहवालात ती नाही. अहवाल उत्तम आहे, मी वाचलाय. आभारांच्या पानावर चौदा नावं आहेत, त्यात भाषातज्ज्ञ म्हणून माझं आहे. ताईंचा उल्लेख 'स्थानिक कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले' या वाक्यात आलेला आहे. डॉक्टर, दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा माझं नाव काढून तिथं जागा करावी, ही जाहीर विनंती.

त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. आज सकाळी मी दादासोला दारात गाठलं आणि विचारायला नको होतं ते विचारलं, आई आता ओळखते का?

तो म्हणाला, "परवा मोटरसायकल लावून आत आलो, तर आई मला म्हणली, पावनं, कुठनं आलायसा?"

तोच पुढं म्हणाला, "मी म्हणलं, बारामतीसनं. तर म्हणती, बसा मग. माझी मेंढरं हायत तेवढी बघा, मी पानी आणते. त्या भुरीवर ध्यान ठेवा, लई वढाळ हाय."

"मग?"

"मग काय. बसलो बघत."

"आणि टेम्पो?"

"तिनं मला इचारलं, मी कोण म्हणून. मेंढरं कुणाची म्हणून कुठं इचारलंय? बाईला शब्द दिलाय."

ताई, सरकारनं आजपासून आपल्याला मोकळं केलंय. दर गुरुवारी वस्तीवर जा असं सरकारनं कधी सांगितलंच नव्हतं, तेव्हा त्यातून आपल्याला कोण मोकळं करणार ते मला ठाऊक नाही.

अध्यक्षमहाराज, आपण चिठ्ठी पाठवूनही मला बोलू दिलंत, श्रोत्यांनी जेवण समोर दिसत असूनही ऐकून घेतलं, डॉक्टरांनी सगळं हसून सोसलं, मी तुम्हा सर्वांचा ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द टोचला असेल, तो माझा उणेपणा समजून पोटात घालावा. फुलाबाई आज इथं तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, म्हणजे आक्काबाई आणि मेंढरं दोन्हींमागं आत्ता दादासोची बायको एकटीच आहे. त्याला लवकर निघायचंय. तेव्हा त्याला आधी वाढावं, एवढं सांगून मी आपली रजा घेतो.